एक थेंब जरी दिसला तर

राजूर, शनिवार, १२ मे १९७३

भाचा झाला म्हणून घरात येऊन छताकडे बघत "आत्या, इथून आकाश दिसतंय" असे म्हणण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. रवी काल आला, आज सकाळच्या एस.टी.ने नगरला परत गेला आणि जाताना माझी झोप घेऊन गेला.

दिसते आकाश. मी कुठे नाही म्हणते? मधल्या खोलीत दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, चांदण्या सांडाव्यात तसे. बापू गेल्यापासून या घराच्या कौलांना कोणाचा हात लागलेला नाही. बापू माझा थोरला भाऊ, रवीचा काका, इथल्या दवाखान्यात डॉक्टर होता. निवृत्तीनंतरही त्याने राजूर सोडले नाही आणि मरताना हे तीन खोल्यांचे कौलारू घर माझ्या नावावर करून गेला. मी टेलिफोन खात्यातून फेब्रुवारीत सुटले आणि मार्चमध्ये इथे आले. सगळ्यांना वाटले, उन्हाळ्यापुरती आली आहे.

रवीचे म्हणणे, नगरात सावेडीला त्यांच्या बंगल्यात मागची खोली रिकामी आहे, वर स्लॅब आहे, पंखा आहे, विजयाने पडदेसुद्धा शिवले आहेत. विजया त्याची बायको. वाईट नाही. पण चहा ठेवण्याआधी "आत्या, चहा ठेवू का" आणि ठेवल्यावर "आत्या, चहा ठेवलाय हं" असे सांगतात त्या घरात माणूस पाहुणाच राहतो. सगळा जन्म मी होस्टेलात आणि सरकारी क्वार्टरात काढला. ज्या दाराची किल्ली फक्त माझ्याकडे आहे, असे हे पहिले दार. ते मी पडद्यांसाठी सोडणार नाही.

शेवटी मीच चिडून म्हणाले, "पंधरा जुलैला ये. भर पावसात ये. घरात एक थेंब जरी दिसला तर ट्रंक बांधून तुझ्याबरोबर निघते. नाही दिसला तर सावेडीचे नाव या घरात पुन्हा काढायचे नाही."

तो उठला. मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलाला पाऊल लावून चालत राहिला, आधी उभा, मग आडवा. चाळिशीला आलेला माणूस, सहकारी बँकेत अधिकारी, आणि चालतो असा. मी म्हटले, एका जागी बस, माझे डोके फिरते आहे. तेव्हा बापूच्या खुर्चीत बसला.

बोलून गेले ते गेले. आता छप्पर.

सोमवार, १४ मे

छगन येऊन छप्पर बघून गेला. राजूरच्या निम्म्या घरांची कौले तोच चाळतो, असे तो स्वतःच सांगतो. गेल्या वर्षी पावसाने तोंड फिरवले, माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, त्यामुळे कौलांकडे कोणी बघितले नाही. यंदा सगळ्या गावाला एकदम जाग आली आहे. विडी ओढत, शिडीवरून, तो मला कौलांचे शास्त्र शिकवत होता. आमची कौले देशी, नळीची, म्हणजे अर्धे नळकांडे. एक रांग उताणी, दोन रांगांच्या सांध्यावर दुसरी पालथी. ती सगळी उतरवायची, झटकायची, फुटकी काढायची आणि पुन्हा बसवायची. एवढे समजायला मला अर्धा तास लागत नाही, पण त्याला सांगायला लागला.

संध्याकाळी शेजारच्या राहीबाई आल्या. विधवा आहेत, भाताची खाचरे स्वतः बघतात आणि उरलेल्या वेळात सगळी आळी बघतात. त्यांनी सांगितले की या आळीत कौले कोणी एकट्याने चाळत नाही. प्रत्येक घरातून एक माणूस दुसऱ्याच्या घरी जाते, खालून वर कौले हातोहात देते, आणि ज्याचे घर त्याने दुपारी जेवायला घालायचे. कोणाचे घर कधी, ते राहीबाईंच्या ओट्यावर ठरते.

मी म्हटले, मी जन्मभर पगारावर काम केले आणि पगार देऊनच करून घेईन. मला कोणाच्या उपकाराची कौले डोक्यावर नकोत.

"उपकार कसला बाई," त्या म्हणाल्या. "कौलं हायती. हातानं वर द्याची."

मी नको म्हटले. त्यांनी आग्रह केला नाही. मला आग्रह न करणारी माणसे आवडतात, पण त्या इतक्या चटकन उठतील असे वाटले नव्हते.

शनिवार, १९ मे

वानरे. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, अख्खे कुटुंब. चिंचेवरून छपरावर उड्या मारतात, कौले सरकवतात आणि खाली काय पडले ते वाकून बघतात.

कॉन्व्हेंटात मी नेटबॉलच्या संघात होते आणि मदर बर्नाडेट म्हणत, नीलांबरीच्या जिभेपेक्षा तिचा हात अधिक सरळ आहे. हात अजून सरळ आहे. अंगणातले गोटे वेचून दाराशी ढीग करून ठेवला आहे. आज दोनदा हाकलली. छपरावर खडाखड आवाज झाला, पण पळाली हे महत्त्वाचे.

राहीबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "दगुड नका मारू बाई. थाळी वाजवा."

मी काय आरती करू त्यांची?

गुरुवार, २४ मे

छगनने सोमवारी काम सुरू केले. एकटाच आहे. टोपलीत कौले भरतो, खांद्यावर घेऊन चढतो, रचतो, उतरतो, विडी ओढतो. मला वाटले होते दोन दिवसांचे काम आहे. पुढचे पाखे, म्हणजे रस्त्याकडचा उतार, आज संपले. छान दिसते. उद्यापासून मागचे.

तो जेवायला गेला आणि वानरे आली. मी टेबलाशी पेन्शनच्या कागदांवर सह्या करत होते. नव्या रचलेल्या पाख्यावर, ऐन मध्यावर, एक थोराड वानर मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. इतका संताप आला की हाताला लागले ते उचलले, धावत अंगणात गेले आणि फेकले. खण्ण असा आवाज झाला. वानर दात विचकून निघून गेले. लागले असावे.

शनिवार, २६ मे

माझा पेपरवेट नाहीसा झाला आहे. काचेचा, आत निळे फूल असलेला. निवृत्तीच्या दिवशी एक्स्चेंजमधल्या मुलींनी दिला होता. रोज टेबलावर असतो. टेबल, खाट, ट्रंक, सगळे उलटेपालटे करून झाले.

घरात या आठवड्यात माझ्याखेरीज एकच माणूस आला. पाणी प्यायला, दोनदा.

मी कोणावर आरोप केला नाही. फक्त विचारले की त्या खोलीत कोण कोण गेले होते. छगनने सांगितले, मी गेल्तो, माठ तिथंच हाय. मी पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा. चौकशी अशीच करतात. राहीबाई कुंपणाशी उभ्या होत्या, त्यांनी सगळे ऐकले.

छगन मागच्या पाख्यावरून उतरला. कमरेची चंची सोडून ओट्यावर उलटी केली. सुपारी, चुन्याची डबी, तंबाखू, एक किल्ली. मुंडासे सोडून, झटकून दाखवले.

"आन ह्ये तुमचं छप्पर," म्हणाला, आणि चंची भरून चालू लागला.

मागचे पाखे अर्धे उघडे आहे. कौले अंगणात रांगेने उभी. मी चुकले असे मला वाटत नाही. प्रश्न विचारणे ही चूक नव्हे.

गुरुवार, ३१ मे

कोणी येत नाही. वानरे तेवढी रोज येतात, त्यांना गोट्यांनी हाकलते. तालुक्याला, अकोल्यात, एकाला बोलावणे धाडले, तो हो म्हणाला आणि आला नाही. दुसऱ्याने बायकोकडून सांगितले की तो गावाला गेला आहे. बायको हे सांगत होती तेव्हा तो घरात खोकत होता.

आळीत रोज एकेक घर होते आहे. सकाळी बायका-पुरुषांची रांग लागते, हसणे-खिदळणे चालते, दुपारी पंगत बसते, संध्याकाळी लाल छप्पर तयार. मी खिडकीतून बघते. एकाही घराने माझ्याशी बोलणे टाकलेले नाही. "बाई, बरं हाय ना" सगळे विचारतात. बरे नाही हे त्यांनाही दिसते, वर बघितले की.

आज ट्रंक पुसून ठेवली. पुसायला झालीच होती. सावेडीच्या खोलीत ती खाटेखाली मावेल की नाही, असा विचार मनात आला आणि माझा मलाच राग आला.

रविवार, ३ जून

वळवाची मोठी सर आली. स्वयंपाकघरात धार लागली, ते अपेक्षित होते. वर छप्परच नाही. पण मधल्या खोलीतही, पुढच्या पाख्याखाली, जे छगनने नवे रचले, तिथे पाच ठिकाणी गळले. खाट सरकवली, तर पाणी पुन्हा खाटेवर. मग खाटेवर छत्री उघडून बसले. बापूची खुर्ची भिजली.

हे कसले काम केले त्या माणसाने? नवे पाखे, आणि पाच ठिकाणी फुटकी कौले. मला खालून दिसतात, सरळ भोके पडलेली. चोर असो नसो, कारागीर म्हणून तो भिकार आहे, आणि हे मी कोणासमोरही सांगेन. अडचण एवढीच की ऐकायला कोणी येत नाही.

सोमवार, ४ जून

राहीबाईंकडे गेले. त्या ओट्यावर नागली निवडत होत्या. मी उभ्यानेच म्हणाले की मला छगनबद्दल काही बोलायचे नाही, कौलांबद्दल बोलायचे आहे.

त्यांनी सूप बाजूला ठेवले नाही. पाखडत म्हणाल्या, "उद्या गोजरबाईचं हाय. जुनं लुगडं नेसून या."

मी म्हटले, माझ्या घराचे काय?

"आधी गोजरबाईचं," त्या म्हणाल्या.

मंगळवार, ५ जून

गेले. जुने पातळ नेसून, पदर खोचून. हाताखाली इतक्या मुली राबवल्यावर या वयात कौले उचलायची वेळ आली, हे एक्स्चेंजमध्ये कळले तर मुली पार्टी देतील.

गोजरबाईंचे घर आळीच्या वरच्या टोकाला आहे. अंगणापासून शिडीपर्यंत रांग. मला सर्वात महत्त्वाची जागा दिली: भिंतीच्या सावलीत, मधोमध, जिथून सगळ्यांवर नजर ठेवता येते. यांना शिस्त मात्र नाही. बाकीच्यांना दोन-दोन, तीन-तीन कौले एका वेळी देत होत्या आणि माझ्या हातात एकेकच. माझ्या पुढची बाई मग दोनदा वळायची. मी हे लक्षात आणून दिले, तर ती म्हणाली, असू द्या बाई, माजी कंबर मोकळी होतीया.

कौल कोणाकडून आले, कोणाकडे गेले, तोंडाने सांगितल्याशिवाय हात सोडू नये, असे मी सुचवले. आम्ही एक्स्चेंजमध्ये जोडणी देण्याआधी नंबर विचारायचो. झाले. पुढचा सगळा वेळ प्रत्येक कौलाबरोबर "नंबर पिलीज, नंबर पिलीज" असे ओरडत रांग हसत होती. गोजरबाई, ज्यांना सगळे बहिरट समजतात, त्यांनी सर्वांत मोठ्याने.

वर छगन होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मध्येच आढ्यावरून खाली ओरडला, "बायांनो, कौलं मोजून द्या गं. मागनं इचारतील कोन घिऊन गेलं." सगळ्या हसल्या. मीही हसणार होते, मग समजले.

माझ्या हातून एकही कौल पडले नाही. हे नोंदवून ठेवते.

शुक्रवार, ८ जून

आज आणखी एक घर. हात सुजले आहेत. राहीबाईंनी एरंडेल पाठवले. जास्त लिहीत नाही.

सोमवार, ११ जून

आज माझे घर झाले. क्रमाने लिहिते.

सकाळी सगळी रांग आली आणि छगनही आला. राहीबाईंनी त्याला काय सांगितले कोण जाणे. त्याने मला रामराम केला नाही, छपराला केला. दिवसभर त्याला जे विचारायचे ते तो आढ्याला विचारत होता आणि मी उत्तर देत होते. आधी मागचे पाखे. दुपारपर्यंत ते झाकले.

ज्याचे घर त्याची भाकरी. मला भाकरी थापता येत नाही. कॉन्व्हेंटात केक शिकवला, भाकरी नाही. मी मोठ्या पातेल्यात खिचडी केली. प्रत्येक बाईने येताना फडक्यात भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. सवयीने आणल्या असाव्यात. खिचडीला सगळ्यांनी चांगली म्हटले आणि भाकरी खाल्ली.

जेवणानंतर छगन पुढच्या पाख्यावर चढला आणि एकेक कौल उचलून बघू लागला. मग म्हणाला, "हितं कुनी तोफ डागली का काय?"

फुटकी कौले काढता काढता तो उपरण्यात काहीतरी गोळा करत होता. खाली उतरून त्याने ते ओट्यावर रांगेने मांडले. गोटे. बरेच गोटे. माझ्या दाराशी अजून ढीग आहे, त्याच जातीचे. मी म्हणाले की वानरे दगड घेऊन चढत असतील.

"वानराला दगुड कशाला लागतुया बाई," राहीबाई म्हणाल्या. "त्याला कौल हाय की."

मग छगनने खिशातून शेवटची वस्तू काढली आणि गोट्यांच्या शेजारी ठेवली. काचेचा पेपरवेट. आत निळे फूल. एका बाजूने टवका उडालेला.

सगळी आळी ओट्याभोवती होती. कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. त्या गुरुवारी अंगणात धावताना माझ्या हातात काय होते ते मी पाहिले नव्हते. खण्ण असा आवाज मी लिहूनसुद्धा ठेवला आहे, वर, याच पानांत.

मदर बर्नाडेट म्हणत, चूक सांगायची तर उभे राहून सांगावी, पुटपुटू नये. मी उभी राहिले. "छगन, माझी चूक झाली. तू चोर नाहीस. आणि काम भिकार केलेस असे मी मनात म्हटले होते, तेही खोटे."

"वाईच मोठ्यानं बाई," तो म्हणाला. "गोजरमावशीला ऐकू कमी येतंय."

मी पुन्हा म्हटले, मोठ्याने, सबंध.

"मला पैल्यांदाच ऐकू आलं हुतं," गोजरबाई म्हणाल्या.

तेव्हा हसले सगळे. छगन तर ओट्यावर बसूनच राहिला. तो साधा माणूस वगैरे मुळीच नाही. ही गोष्ट तो चहाच्या टपरीवर पुढची दहा वर्षे सांगेल आणि दर वेळी गोट्यांची संख्या वाढवील. मी एवढेच म्हणेन की सगळेच गोटे माझे नसावेत. माझा नेम इतका वाईट नाही.

आढ्यावरचे शेवटचे कौल घरच्या बाईने वर द्यायचे, अशी या आळीची रीत आहे. मी ते रांगेप्रमाणे राहीबाईंच्या हातात देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतले. "तुमचं घर. तुमीच द्या." मग मी शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि हात वर केला.

छगन वाकला. "द्या," म्हणाला. "फेकू नका."

रविवार, २४ जून

पाऊस बसला आहे. चार दिवस आभाळ खाली टेकलेले. घर कोरडे. रोज सकाळी जमिनीवरून हात फिरवून बघते. मधली खोली, स्वयंपाकघर, खाटेखाली, बापूच्या खुर्चीखाली. कोरडे. उघडीप मिळाली की वानरे येतात. थाळी वाजवते. आरतीच समजा.

रवीचे पत्र आले. पंधराला नक्की येतो आहे. विजयाने मेथीचे लाडू पाठवायचे ठरवले आहे आणि ते पाठवू का, असे विचारले आहे.

सोमवार, ९ जुलै

लावणीसाठी सगळी आळी खाचरात आहे. आळी रिकामी. आज दुपारी ऊन पडले आणि वानरे आली. थाळी वाजवली. ते थोराड वानर हलेना. अगदी त्याच जागी, मांडी घालून. मी जोराने वाजवली. त्याने कान खाजवला.

फक्त एकदा. आणि दगड नव्हता, पेरू होता. कच्चा असला म्हणून काय झाले, पेरूने कौल फुटत नाही.

शनिवार, १४ जुलै

मधल्या खोलीत गळते आहे.

काल रात्रीपासून धो धो पाऊस आहे. सकाळी बापूच्या खुर्चीवर हात ठेवला तर बसायची वेताची जाळी ओली. वर बघितले. एकच जागा. थेंब जमतो, फुगतो, थांबतो, विचार केल्यासारखा, आणि पडतो. धार नाही. पण मी रवीला धार म्हटले नव्हते. थेंब म्हटले होते.

भर पावसात छगनकडे गेले. तो म्हणाला, ह्या पावसात शेवाळलेल्या कौलावर पाय ठेवला तर मी तुमच्या मधल्या खोलीतच उतरीन, वाट न बघता. उघडीप मिळाली की येतो. घरी परतले तर राहीबाई आल्या; त्या दिवशीचा फुटका पेरू त्यांना कुंपणाशी सापडला होता. त्यांनी वर बघितले, मग माझ्याकडे, आणि विचारले, पेरू का? मी खुर्ची पुसू लागले. त्यांनी त्यांचा तांब्याचा हंडा आणून खाली ठेवला. त्यात थेंब पडला की घंटेसारखा वाजतो. परत दिला.

उद्या रवी येईल. मी ठरवले आहे की त्याला दाराजवळच्या खुर्चीत बसवायचे, छताकडे पाठ करून. बापूची खुर्ची भिंतीला लावायची. थेंबाच्या जागी घोंगडी घडी करून ठेवायची, आवाज होत नाही. हे लबाडीचे आहे. मला समजते. आयुष्यात मी असे वागले नाही. पण ट्रंक मी भरलेली नाही, आणि भरायची म्हटली तर आधी काय ठेवायचे ते सुचत नाही.

रविवार, १५ जुलै

रवी आला आणि गेला. पाऊस दिवसभर तसाच.

माझा सगळा बेत त्याने दारातच मोडला. मी घोंगडीची घडी आणायला आत वळले आणि हा नेहमीप्रमाणे बापूची खुर्ची भिंतीपासून ओढून, होती तिथे घेऊन, बसला. बरोबर खाली. उठ म्हणायला कारण सुचेना. लाडू आणले होते त्याने. मी चहा टाकला आणि विचारले नाही, टाकू का म्हणून. माझ्या घरात मी विचारत नाही.

तो बसून बोलत राहिला. बँकेचे, विजयाचे, नगरच्या पाण्याचे. मी त्याच्या डोक्यावर बघायचे नाही असे ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. एकदा थेंब सरळ त्याच्या चष्म्यावर पडला. मी बघितला.  रवीने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "चहाची वाफ बसते बघ." इतका बेसावध माणूस बँकेत कसा टिकला, मला समजत नाही. पण माझ्या नशिबाने तो तासभर तिथून हललाच नाही. मी दोनदा म्हटले, बाबा, दाराशी बस, उजेड आहे. म्हणाला, इथे काकांच्या खुर्चीत बरं वाटतं. त्यामुळे जमिनीवर एक थेंबही पडला नाही.

निघताना उठला, सगळ्या खोल्यांतून फिरला, आत-बाहेर बघितले. छताकडे एकदाही मान वर केली नाही. मे महिन्यात आल्या आल्या आकाश शोधणारा हाच. मग म्हणाला, "घर अगदी कोरडं आहे, आत्या. तू जिंकलीस."

"म्हणजे सावेडी नाही," मी म्हटले. शब्द घेऊन ठेवलेले बरे.

"नाही," तो म्हणाला. "दिवाळीला चार दिवस ये. पडदे बघायला."

त्याच्या सदऱ्याचा उजवा खांदा पार भिजलेला होता. छत्री नीट धरता येत नाही त्याला, लहानपणीही असाच भिजत यायचा. मी पंचा दिला.

आणखी एक. तो येताना एक जड गठ्ठा घेऊन आला होता. कोणा माणसासाठी ताडपत्री आणली होती म्हणे, अकोल्याला द्यायची होती, तो माणूस भेटला नाही. परत ओढत कशाला नेऊ, इथेच राहू दे, असे म्हणाला आणि ठेवून गेला. नाव विचारले तर एस.टी. चुकेल म्हणून पळाला.

संध्याकाळी पाऊस थोडा हलका झाल्यावर राहीबाई आल्या, त्यांच्या मदतीने गठ्ठा सोडला. नवी आहे, कडा दुमडून शिवलेल्या, कोपऱ्यांना पितळी कड्या. उलगडून बघितली तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मधल्या खोलीला बोटभरही कमी नाही की जास्त नाही. राहीबाई ताडपत्रीकडे बघत राहिल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "भाचा शाना हाय तुमचा."

मी म्हटले, शहाणा कसला, दुसऱ्याची वस्तू विसरून जातो.

वाशांना दोरीने बांधली. आता एक थेंबही खाली येत नाही. उघडीप होऊन छगन वर चढेपर्यंत राहील. उद्या रवीला पत्र टाकून विचारले पाहिजे, ज्याची ही ताडपत्री आहे त्या अकोल्याच्या माणसाला घाई तर नाही ना.